अकरा पावलं

गयामावशे, तू गेल्याच्या तिसऱ्या दिवशी गोरेगावच्या फाट्यावर तुझा फ्लेक्स लागला. जन्मात तू एकदाच फोटो काढला होतास, आधार कार्डाचा. तोच मोठा करून लावला. एक डोळा अर्धा मिटलेला, पदर कानामागं सरकलेला. आणि तुझ्या दुप्पट फोटो तुझ्या भाच्याचा, कैलासचा, हात जोडलेला, डोळ्यांवर गॉगल. खाली लिहिलं होतं, 'माळाची माऊली हरपली. शोकाकुल, कैलासभाऊ मित्रमंडळ.'

मी सेनगावच्या जीपमधून उतरले आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातात बाजाराची पिशवी होती. फेकून मारायला दगड शोधला, तर डांबरी फाट्यावर दगडही मिळेना. टमाटे होते. पण टमाटे महाग आणि कैलास फुकट, म्हणून राहू दिलं.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. बोलीन मी. पण आपलं भांडण अर्धं राहिलंय, ते आधी संपवू दे. तू मधेच उठून गेलीस. तुझी ही खोडच होती, भांडण रंगात आलं की म्हणायची, 'थांब, मेंढरं वळवून येते,' आणि तासभर यायची नाही.

आपली ओळख झाली तेव्हा मला चार दिवसांत एक घरटं सापडलं नव्हतं. संस्थेच्या सरांनी शिमग्यापासून मिरगापर्यंतच्या कामाला मला ठेवलं होतं. माळावर उघड्या जमिनीत अंडी घालणारी पाखरं शोधायची, टिटवी, माळटिटवी, धाविक. घरटं सापडलं की नंबर द्यायचा, तिसऱ्या दिवशी परत बघायचं, अंडी किती, फुटली का, पिल्लं निघाली का, ते रजिस्टरात लिहायचं. मी तांड्यावरची, बारावी पास, गळ्यात सरांची दुर्बीण. उन्हात डोळे फोडून घेत होते. तू मेंढरांमागून आलीस, कमरेवर हात ठेवून बराच वेळ माझी मजा बघितलीस, आणि काय हरवलं म्हणून विचारलंस. मी म्हणाले, घरटं. तू म्हणालीस, "मग पाय बघून टाक. एकावर उभी राहून राहिली तू."

खाली बघितलं तर माझ्या टाचेपासून वीतभर अंतरावर चार अंडी. खड्यांमध्ये खड्यांसारखीच. तू हसलीस आणि तंबाखूची चिमूट तोंडात टाकून म्हणालीस, टिटवी जिथं जास्त ओरडते तिथं कधी बघू नये, तिथं काही नसतं. गप राहून जी चालत लांब जाते, तिच्या पाठीमागं बघावं.

हे मला कोणत्या पुस्तकात मिळालं असतं? सर शहरातून यायचे, त्यांच्याकडं जाड पुस्तकं होती. पण पाखराच्या घरी कसं जावं ते त्यांना तुझ्याकडून कळलं. सरळ चालत जायचं नाही, बाजूनं निघून गेल्यासारखं करायचं, थांबायचं नाही, कारण कावळा वरून आपल्यावर नजर ठेवून असतो. आलेल्या वाटेनं परत जायचं नाही, कुत्रं वास काढतं. "पाव्हण्यावानी जावं," तू म्हणायचीस, "जेवणाच्या टायमाला जाऊ नये अन् लई टेकू नये." मेंढरांचा रस्ता तू दर वर्षी त्या तीन महिन्यांसाठी बदलायचीस. पलीकडच्या टेकाडाला वळसा घालून न्यायचीस, दुप्पट चालणं. वस्तीवरचे बाकीचे मेंढरंवाले तुला शिव्या घालत तुझ्या मागं यायचे.

खूण तुझीच. झेंडी लावली तर गावातली सगळी पोरं जमतात, चुना मारला तर लांबून दिसतो. तू तीन दगड मांडायचीस, कोणाला वाटावं मेंढरं राखताना कंटाळून मांडलेत. तिघांतला सगळ्यात बारीक दगड ज्या बाजूला, त्या बाजूला अकरा पावलं. पावलं कोणाची, यावर आपण पहिल्या वर्षी आठवडाभर भांडलो. तुझी अकरा म्हणजे माझी नऊ. मी म्हणाले, रजिस्टर माझं आहे. तू म्हणालीस, दगड माझे आहेत. शेवटी तुझीच पावलं धरली. पाच हंगाम मी लुगडं नेसलेल्या बुटक्या बाईसारखी पाय टाकत माळावर चालले, आणि तू मेंढीला टेकून हसायचीस.

तुला लिहिता येत नव्हतं, पण तुझा हिशेब माझ्याहून बराबर. काळ्या लोकरीचा दोरा मनगटाला, एका घरट्याला एक गाठ. पिल्लं पायांवर चालायला लागली की गाठ सोडायची. अंडी गेली तर गाठ तशीच ठेवायची, मिरगापर्यंत. मला आठवतं, दुसऱ्या वर्षी तुझ्या मेंढीनं धाविकाची दोन अंडी तुडवली. 'काय झालं' या रकान्यात मी 'अज्ञात' लिहिलं. तुझी इज्जत राखावी म्हणून. तू बोट ठेवलंस त्या शब्दावर आणि विचारलंस, इथं काय लिहिलं? मी म्हणाले, मेंढी. तू म्हणालीस, "एवढ्याशात माझं नाव कसं बसलं? गयाबाईची मेंढी असं लिही. मला वाचता येत न्हाई म्हणून काहीबी लिहून राहिली का?" खोडून लिहायला लावलंस. सरांनी विचारलं, हे कोण गयाबाई. तू पुढं होऊन सांगितलंस, मीच, आणि मेंढी ती बघा, कान फाटलेली.

तेव्हा मला कळायला पाहिजे होतं.

यंदा सतरा घरटी होती. आजवर कधी इतकी सापडली नव्हती. तुझ्या मनगटावर गाठी मावत नव्हत्या. आणि यंदाच कैलासला रस्त्याच्या कामाला मुरूम पाहिजे होता, तोही आपल्याच माळाचा. वनविभागाचे साहेब शुक्रवारी बघायला येणार होते. त्यांनी सांगून ठेवलं होतं, अंडी असली तर पाऊस लागेपर्यंत माळावर खोदकाम नाही. आणि पाऊस लागला की माळावर टिपर चढत नाही, हे कैलासलाही ठाऊक. म्हणजे त्याचं यंदाचं काम गेलंच.

बुधवारी मी हिंगोलीला गेले होते, दुर्बिणीची काच सैल झाली होती म्हणून. संध्याकाळी माळावर आले. पहिल्या दगडापासून अकरा पावलं टाकली, तर बुटाच्या टाचेनं रगडलेलं पिवळं पाणी आणि टरफलं. दुसऱ्याला तेच. तिसऱ्याला तेच. नर-मादी दोघं लांब उभी होती आणि ओरडत पण नव्हती. रोजच्या सवयीनं मी प्रत्येक घरट्याचा मोबाइलवर फोटो काढत गेले. धुळीत बुटाचे ठसे दगडापासून घरट्यापर्यंत सरळ. कुठं भटकलेले नाहीत, कुठं शोधलेलं नाही. मोजून टाकलेली पावलं. सतराच्या सतरा.

तू हिवराच्या झाडाखाली बसली होतीस. मी धावत आले, म्हणाले, कोणीतरी आपली खूण फोडली. तू वर बघितलंच नाहीस. मग सांगितलंस. सकाळी कैलास आला होता, आत्या आत्या करत. म्हणाला, टिपरवाली पोरं बाहेरची आहेत, त्यांना अंडी दिसणार नाहीत, तू खुणा दाव, मी टिपर बाजूनं न्यायला लावतो. आणि तू हिंडून सगळ्या दाखवल्यास. एकेका दगडापाशी उभं करून, पावलं कशी टाकायची तेही शिकवलंस.

"त्याचा बाप मेला तवा तीन वर्षांचं होतं ते," तू म्हणालीस. "शेळीचं दूध पाजून मोठं केलं मी. मला वाटलं, पोरगं आपलंच हाये."

मी काय बोलले ते तुला माहीत आहे. दुसऱ्या कोणाला माहीत नाही, म्हणून इथं लिहिते, कारण रकान्यात खरं लिहायचं तूच शिकवलंस. मी म्हणाले, "तुझ्यापेक्षा कुत्रं बरं, ते निदान पोटासाठी खातं." आणि दुर्बीण गळ्यात घालून चालायला लागले. तू मागून हाक मारलीस. मी वळले नाही.

आठ दिवस बोलले नाही मी तुझ्याशी. तू रोज मेंढरं घेऊन तांड्याच्या कडेपर्यंत यायचीस, जिथं तुझी मेंढरं कधी येत नव्हती. मी दार लावून घ्यायचे. माझ्या आईनं तुला पाणी दिलं, चहा दिला. आईजवळ तू एकच निरोप ठेवलास, तिला म्हणावं, रजिस्टरात माझं नाव लिही. मी आईवरच खेकसले, की तिला सांग, रजिस्टर माझं आहे.

शुक्रवारी साहेब येऊन गेले होते. अंडी एक नाही. कैलास पुढं होऊन सांगत होता, कुत्र्यांचा फार त्रास आहे साहेब, आत्या पण म्हणत होती. साहेब मला म्हणाले, रजिस्टर पूर्ण करून द्या, त्यावर परवानगीचं ठरवू. म्हणजे सगळं त्या एका रकान्यावर आलं. 'कुत्रं' लिहिलं तर हंगाम संपला, माळ कैलासचा. 'माणूस' लिहिलं तर साहेब विचारणार, कोण आणि कशावरून. आणि कशावरून याचं उत्तर एकच होतं, की खूण जगात तिघांना माहीत होती. मी, तू, आणि तू ज्याला दाखवलीस तो. त्याला धरायचा तर आधी तुला लोकांसमोर उभं करावं लागत होतं. माळाची राखणदार म्हणून ज्या बाईला चार गावं ओळखतात, तिनंच घरटी दाखवली, हे माझ्या हातानं लिहायचं. मी सतरा ओळींचा तो रकाना कोरा ठेवला. मला त्याचा जीव घ्यायचा होता आणि तुझं नाव पण राखायचं होतं. दोन्ही कसं जमणार?

नवव्या दिवशी दुपारी तुझी मेंढरं एकटी वस्तीवर आली. तू हिवराखालीच होतीस, बसलेली, पाठ झाडाला. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीच कमजोर होतं, त्यात ऊन. असेल. डॉक्टर शिकलेले आहेत. मी मात्र कैलासचंच नाव घेते, आणि त्याच्यानंतर माझं.

अंघोळ घालताना बायका मनगटाचा दोरा कापायला निघाल्या होत्या. मी कापू दिला नाही. सतराच्या सतरा गाठी तुझ्यासोबत गेल्या.

अग्नी कैलासनं दिला. तुला पोटचं नाही, भाचाच मुलगा. काय गळा काढला त्यानं! लोक त्याला धरत होते. मला तुझंच वाक्य आठवलं, जिथं जास्त ओरडतं तिथं काही नसतं. मी बायकांत उभी राहून त्याचे पाय बघत होते. बाजूला काढून ठेवलेले बूट नवे होते.

दहाव्याला ओढ्यावर पिंड मांडले. कैलासचं डोकं भादरलेलं, ऊन त्यावर चमकत होतं. समोरच्या बाभळीवर कावळे होते पण एक हलेना. आपल्याकडं म्हणतात ना, काही राहिलं असलं की कावळा शिवत नाही. लोक एकेक कबूल करायला लागले. मेंढरं विकणार नाही. फाटक्या कानाच्या मेंढीला कापणार नाही. कैलास मोठ्यानं म्हणाला, आत्या, तुझ्या नावाची कमान बांधीन फाट्यावर. कावळा ढिम्म. अर्धा तास गेला, दीड तास गेला, लोकांचे पाय भाजायला लागले.

मग मी पुढं गेले. बायका पदर ओढत होत्या, बाईमाणसानं तिथं जाऊ नये म्हणून. मी ठरवून गेले नव्हते मावशे. तुझं म्हणणं आठवलं, एवढ्याशात माझं नाव कसं बसलं, आणि पाय आपोआप निघाले.

मी म्हणाले, "कैलास, टिपर बाजूनं न्यावं म्हणून मावशीनं तुला सतरा खुणा दावल्या. तू त्याच खुणांवरून बूट घालून गेला अन् अंडी रगडली. ती चुकली. तू मारलं. रजिस्टरात मी दोघांचंबी नाव लिहिणार हाये."

मग वस्तीवरचे म्हातारे ज्ञानूबाबा काठी टेकत म्हणाले, "मेलेल्या बाईचं नाव काहून घेऊन राहिली गं?"

"तिनंच लिहायला सांगितलं, बाबा."

तुला वाटत असेल, आता कावळा आला असेल. नाही आला. कशाला येईल? वैशाखात कावळ्याची स्वतःची पिल्लं असतात घरट्यात, ते बाभळीवरून हलत नाहीत. हे मला आधी सुचायला पाहिजे होतं, माझं कामच ते आहे. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि सगळे जेवायला गेले. पण जेवताना कैलासच्या पंक्तीला कोणी बसेना. पत्रावळी त्याच्या दोन्ही बाजूंना मोकळ्या. मी वाढायला होते. त्याच्या पानात मी स्वतः भात वाढला, वरून तूप सोडलं, आणि म्हणाले, पोटभर जेव. मला फार बरं वाटलं. हे वाईट आहे, मला कळतं. तू असतीस तर माझ्या हातातला पळा काढून घेतला असतास.

त्याच रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी डोकं शांत करून लिहिलं. सतरा ओळींत सतरा वेळा. 'खूण गयाबाईने विश्वासाने दाखवली. अंडी कैलासने फोडली.' तुझं नाव आधी, त्याचं नंतर. सगळं बसलं रकान्यात, अक्षर बारीक करून.

साहेब परत आले. कैलास म्हणाला, पुरावा काय, मेलेली बाई साक्षीला येते का? मी मोबाइलमधले फोटो दाखवले. मग त्याला म्हणाले, चल माळावर. अर्धं गाव मागं आलं. तीन दगड होते तसेच होते. मी तुझी पावलं टाकली. लुगडं नव्हतं, पण पाय अजून तसेच पडतात. अकराव्या पावलाला वाळलेली टरफलं. दुसऱ्या दगडाला तेच. पाचव्या दगडापाशी साहेब म्हणाले, पुरे. मी म्हणाले, नाही साहेब, सतरा आहेत. उन्हात सगळ्यांना सतरा ठिकाणी नेलं. कैलास बाराव्या दगडापासून मागं राहिला.

खोदायला आणलेलं मशीन माळावरून परत गेलं. साहेबांनी कागद वर पाठवलाय, त्याचं काय होईल ते होईल. पण गावानं जे करायचं ते केलं. त्याला आता कोणी कैलासभाऊ म्हणत नाही. हॉटेलात आला की कोणीतरी कपातून मान वर न काढता म्हणतं, 'आले बघा अकरा पावलं.' पोरंटोरं पण म्हणतात. फ्लेक्स त्यानंच उतरवला. हे नाव त्याला मरेपर्यंत चिकटणार आणि माझ्या पोटात त्यानं थंड पडतं.

तुझं पण नाव निघतं मावशे, खोटं सांगत नाही. 'गयाबाईनंच दावली म्हणे' असं बसमध्ये ऐकलं, वसमतच्या माणसाच्या तोंडून. तो तुला ओळखतही नव्हता. मी उठून त्याच्याशी भांडणार होते. मग बसून राहिले, कारण बोलला ते खरं होतं आणि मीच लिहिलं होतं. तू म्हणायचीस, आपलेच दात, आपलेच ओठ. माझ्या तोंडात सध्या नुसतं रक्त आहे.

कुत्र्याचं जे बोलले, ते परत घेते. आठ दिवस उशीर झाला, आणि वर हे एवढे दिवस. घेतलं परत.

आणि ऐक. परवा माळावर गेले, रजिस्टर बंद करायला. एक माळटिटवी गप राहून चालत लांब गेली. मी तिच्या पाठीमागं बघितलं. तीन अंडी. अंडी गेली तर पाखरं परत घालतात हे तूच सांगितलं होतंस, मी रागात विसरले होते. अजून तीन घरटी सापडली, एक धाविकाचं. मिरगाच्या आत पिल्लं निघतील.

तीन दगडांची खूण मोडून टाकली. नवी खूण केलीय, फार चांगली जमलीय, तुला आवडली असती. हिवराखाली उभी राहून तुला सांगायला तोंड उघडलं होतं मी. मग मिटलं. नाही सांगत मावशे. पिल्लं उडेपर्यंत तुलाही नाही. तू गेलीस तिथं कैलासचा बाप आहे, तुझा भाऊ. तो विचारेल आणि तू त्याला दाखवशील, एकेका खुणेपाशी उभं करून, आपलाच हाये म्हणून.